चाळीस फूट समुद्र आणि माझी एक गाठ

पाण्याबद्दल मला कोणी काही शिकवायला येऊ नये! हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे गैरसमज नको.

एकोणचाळीस वर्षं मी आमच्या गावच्या पाण्याच्या टाकीवर चावी फिरवली. मी चावी उघडली की गाव आंघोळ करायचं. मी बंद केली की अर्धं गाव डोळ्यांत साबण घेऊन माझ्या नावाने ओरडायचं! गावात डॉक्टर तीन होते, वकील पाच होते, पण चावीवाला एकच होता.

टाकीत किती पाणी उरलं ते बघायला माझ्याकडे एक सुतळी होती. दर हातावर एक गाठ आणि टोकाला एक पितळी नट. टाकीच्या काठावर बसायचं, नट पाण्याला टेकेपर्यंत सुतळी सोडायची आणि गाठी मोजायच्या. दोन गाठी सुटल्या तर टाकी भरलेली. दहा सुटल्या तर गावाने बादल्या लपवून ठेवाव्यात! निवृत्तीच्या दिवशी मला सगळ्यांनी मिळून एक घड्याळ दिलं. ते महिनाभरात बंद पडलं. सुतळी मात्र अजून खिशात आहे आणि तिने मला एकदाही फसवलेलं नाही.

म्हणजे, तोपर्यंत तरी फसवलेलं नव्हतं.

तर झालं असं. आमची लेक दूर परमुलखात असते. चार वर्षांत तिची गाठभेट नव्हती. नात दोन वर्षांची असताना पाहिलेली, ती आता सहा वर्षांची झाली. लेक म्हणायची, विमानाने या. पण आमची मंडळी विमानात बसायला तयार नाही. "विमानाला खाली काही आधार नसतो," असं तिचं म्हणणं. "जहाजाला निदान पाण्याचा तरी असतो!" शेवटी लेकीने जहाजाची तिकिटं पाठवली. हे मोठं सहलीचं जहाज, दर एक-दोन दिवसांनी एका बंदरात थांबणारं. लेकीच्या बंदरात ते एकच दिवस थांबणार होतं. ती सुट्टी काढून, नातीला घेऊन धक्क्यावर उभी राहणार होती. तेवढ्या एका दिवसासाठी आमची मंडळी अकरा दिवस जहाजाच्या खोलीत बसून विणत होती. नातीसाठी एक टोपी झाली, एक स्वेटर झाला, आता मफलर राहिला होता.

लेकीच्या बंदराच्या आदल्या दिवशी जहाज एका लहानशा गावाजवळ थांबलं. जहाज बाहेर खोल पाण्यात, आणि आम्हाला किनाऱ्यावर न्यायला-आणायला लाँच.

सकाळी न्याहारीच्या टेबलावर आमचे सहप्रवासी मास्तर भेटले. हे निवृत्त शाळामास्तर. माणूस सज्जन, पण साधं "मीठ द्या" म्हटलं तरी मिठावर तास घेणारा!

"चावीवाले," मास्तर म्हणाले, "आज डोळे उघडे ठेवा. ह्या गावात समुद्र सहा तासांत चाळीस फूट खाली जातो!"

"जातो म्हणजे? कुठे जातो?"

"चंद्र ओढतो त्याला."

"मास्तर," मी म्हणालो, "चाळीस फूट म्हणजे आमच्या टाकीच्या दुप्पट! मला चोवीस इंची नळ आणि दोन चाव्या असूनही टाकी रिकामी करायला दिवस लागायचा. आणि हा चंद्र बिनानळाचा, बिनाचावीचा सहा तासांत समुद्र उपसतो?"

"मोजून बघा," मास्तर म्हणाले आणि पावाला लोणी लावू लागले.

मोजून बघा! मला! माझा हात आपोआप खिशातल्या सुतळीवर गेला.

खरं सांगायचं तर मला रागापेक्षा उत्सुकताच जास्त होती. उतरलेलं पाणी कुठेतरी जायलाच हवं. इथून गेलं तर दुसरीकडे चढलं पाहिजे. नेमकं किती जातं, केव्हा जातं, हे एकदा डोळ्यांनी बघायचंच, असं मी ठरवलं.

नऊच्या सुमाराला आम्ही धक्क्यावर उतरलो. दगडी धक्का, त्याला लागून ओळीने लहान-मोठ्या होड्या, आणि पाणी कसं काठोकाठ! धक्क्यावर उकिडवं बसलं तर हात धुता येतील इतकं. तिथेच एक मोठी पाटी होती. निवृत्तीनंतर हिने मला स्वयंपाकघरातल्या डब्यांवरून अक्षरं शिकवली, तेव्हापासून दिसेल ती पाटी मी मोठ्याने वाचतो. ही पण वाचली.

"सावधान! येथे पाणी सहा तासांत चाळीस फूट उतरते. शेवटची लाँच अडीच वाजता."

"अगं बाई!" ही म्हणाली. "म्हणजे खरंच की!"

"पाटीवर लिहिलं म्हणून खरं होतं का?" मी म्हणालो. "आपल्या गावात 'चोवीस तास पाणी' अशी पाटी होती. ती मीच टांगली होती! आणि पाणी पाऊण तास सोडत होतो."

ही पाटीकडे पाठ करून उभी राहिली. पाऊण तासाच्या पाण्यात तिने आयुष्यभर धुणी धुतली होती.

मी धक्क्यावरून सुतळी सोडून बघितली, पण वारा असा की नट पाण्याला टेकण्याऐवजी माझ्याच चष्म्यावर येऊन आपटायचा. हिचे गुडघे तर उभं राहून आधीच कुरकुरत होते. शेजारच्या होडीत एक बाई जाळी गुंडाळत होत्या. पन्नाशीच्या, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, आवाज असा की वाऱ्याने वाट सोडावी.

"आजी, उभ्या का? या, होडीत बसा," बाई म्हणाल्या. "मी जाळी गोदामात टाकून येते."

होडी धक्क्याच्या बरोबरीला. घराच्या उंबऱ्यावरून पाऊल टाकावं तसे आम्ही आत गेलो. बसायला फळी, फळीवर गोणपाट, वारा कमी. टाकीच्या काठापेक्षा कितीतरी आरामशीर!

"पण तासाभरात उठा हं आजोबा," बाई म्हणाल्या. "पाणी उतरायला लागलंय."

"बाई, मी एकोणचाळीस वर्षं पाणी उतरताना बघितलंय!"

"टाकीतलं!" आमच्या मंडळींनी खुलासा केला.

होडीचा दोर धक्क्यावरच्या लोखंडी खुंटाला बांधलेला होता आणि त्याचं हे एवढं मोठं वेटोळं होडीत पडलेलं. एवढ्याशा होडीला एवढा दोर! मला पसारा खपत नाही. मी तो आखडायला उठलो.

"दोराला हात लावू नका!" बाई अशा ओरडल्या की समोरच्या छपरावरचे पक्षी उडाले. "तो लागतो!"

मी हात मागे घेतला. लोकांना सामान वाया घालवायची हौस असते, असं मनात म्हणालो. बाई जाळी खांद्यावर टाकून निघून गेल्या.

मी कामाला लागलो. सुतळीचं वरचं टोक होडीच्या काठाला पक्कं बांधलं. नट पाण्याला टेकवला. काठापासून पाण्यापर्यंत बरोबर एक गाठ. खिशातून वही काढली, हिच्या मनगटावरच्या घड्याळात बघून समासात सव्वानऊ टाकले आणि पुढे लिहिलं: 'एक गाठ.'

"आता मी मोजणार," मी हिला बजावलं. "मोजताना मध्ये बोलायचं नाही. टाकीवरचा नियम आहे."

"बरं," ही म्हणाली. तिने पिशवीतून पांढरी लोकर काढली आणि नातीचा मफलर सुरू केला. ती भिंतीकडे तोंड करून बसली होती, मी समुद्राकडे.

साडेनऊ. एक गाठ. पावणेदहा. एक गाठ. दहा. एक गाठ!

मला हसूच फुटलं. कुठे तो चंद्र आणि कुठे ते चाळीस फूट!

"अहो," ही म्हणाली.

"मोजतोय!"

"मोजा. पण ही भिंत मगाशी माझ्या खांद्याला होती. आता डोक्याच्या वर गेलीय."

मी मान न वळवता समजावलं, "भिंत ओली झाली की मोठी दिसते. टाकीचंही तसंच व्हायचं."

तिने भिंतीकडे एकदा वर-खाली बघितलं. थोड्या वेळाने तिने पिशवीतून निळी लोकर काढून एक ओळ विणली आणि पुन्हा पांढरी घेतली. मी म्हटलं, नक्षी काढतेय.

सव्वादहाला बाईंनी सांगितलेला तास भरला. नियमाप्रमाणे मी सुतळी बघितली. एक गाठ! आता तुम्हीच सांगा, पाणी एका बोटानेही उतरलेलं नसताना उठायचं कशाला? शिवाय मी आजूबाजूच्या होड्यांकडेही बघितलं. एकही खाली गेलेली नव्हती! सगळ्या आमच्या बरोबरीनेच उभ्या होत्या.

अकराला ऊन गेलं आणि छान सावली आली. वाराही पडला. मी हिला म्हटलं, "बघ, कशी मोक्याची जागा निवडलीय!" माझा आवाज जरा घुमल्यासारखा वाटला. म्हटलं, समुद्राची हवा, घसा मोकळा झाला असेल.

"अहो, आता तरी—"

"साडेअकरा!" मी म्हणालो. "एक गाठ!"

"मी काय म्हणते—"

"नियम!"

तिने एक सुस्कारा सोडला आणि निळी लोकर घेतली. आता निळी लोकर भराभरा येत होती. चार ओळी पांढऱ्या की एक निळी, चार पांढऱ्या की एक निळी. सुयांचा आवाज असा चालला होता की जणू कोणीतरी मागे लागलंय!

बाराला आम्ही जहाजावरून आणलेला पाव खाल्ला. मग माझा जरा डोळा लागला. टाकीवर दुपारी लागायचा, ती सवय.

जाग आली ती दणक्याने. होडी बुडाखाली कशावर तरी आपटली, एका अंगावर कलली आणि स्थिर झाली. मी हिचं घड्याळ बघितलं. दीड वाजला होता. सवयीने सुतळी बघितली. नट चिखलात पडला होता.

"अगं, पाणी कुठे गेलं?" मी ओरडलो.

हिने सुईने वर दाखवलं.

मी मान वर केली. मग आणखी वर केली. मग टोपी पडली! माझ्यासमोर एक काळीकुट्ट, शेवाळाने माखलेली भिंत होती, तीन मजली इमारतीएवढी. तिच्यावर शिंपले चिकटलेले. तिच्या अगदी टोकाला आभाळाची एक पट्टी आणि त्या पट्टीत दहा-बारा डोकी. विहिरीत पडलेल्या मांजराकडे बघावं तशी ती आमच्याकडे बघत होती. दोघंतिघं फोटोही काढत होते. बाईंचा तो लांबलचक दोर खुंटापासून आमच्यापर्यंत ताणून आलेला. त्यातला हातभरही आता शिल्लक नव्हता.

एक डोकं ओळखीचं निघालं.

"चावीवाले!" मास्तर वरून ओरडले. "किती गाठी?"

मी वही मिटली.

"पहिला तास पाणी हळू उतरतं!" मास्तरांनी वरूनच तास सुरू केला. "मधले दोन तास सर्वात जोरात! मग पुन्हा—"

"मास्तर, शिडी आहे का?"

"तुमच्या मागेच आहे!"

होती. भिंतीत ठोकलेल्या लोखंडी पायऱ्या, अगदी वरपर्यंत. प्रत्येक पायरीवर हिरवं शेवाळ, साबणासारखं. मी हिच्या गुडघ्यांकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं. तिने सुया थांबवल्या. अकरा दिवसांत पहिल्यांदाच मी त्या सुया थांबलेल्या बघत होतो.

"अडीचला लाँच आहे," ती हळूच म्हणाली. "उद्या माझी लेक धक्क्यावर उभी राहील. पोरीला घेऊन. एकेक माणूस उतरताना बघत राहील."

ती ओरडली असती तर मला चाललं असतं. गावाचं ओरडणं मी एकोणचाळीस वर्षं ऐकलंय. पण हे असं हळू बोलणं मला नवीन होतं. मी वही खिशात कोंबली आणि उठलो.

"मी वर जातो, माणसं आणतो!" म्हणून मी शिडीला लागलो. एक पायरी, दोन, तीन. वरून टाळ्या पडल्या. चौथी, पाचवी. सहाव्या पायरीवर माझा हात एका दिशेला गेला, पाय दुसऱ्या दिशेला, आणि मी बसल्या अवस्थेत खाली चिखलात आलो! वरून पुन्हा टाळ्या. चिखलाने माझा डावा बूट ठेवून घेतला. मी कोपरापर्यंत हात घालून शोधला, एक खेकडा सापडला, तो रागावला, मी हात काढून घेतला.

तेवढ्यात फटफट असा आवाज आला. मी वळून बघितलं तर समुद्रातून ट्रॅक्टर येत होता! अहो, खरंच. सकाळी जिथे पाणी होतं तिथे आता वाळू, गोटे आणि चिखल, आणि त्यातून वाट काढत एक ट्रॅक्टर. त्यावर रबरी बूटवाल्या बाई.

"आजोबा!" त्या लांबूनच ओरडल्या. "तासाभरात उठा म्हटलं होतं ना? मी गोदामात अडकले. म्हटलं, एवढे मोठे पाणीवाले, गेले असतील!"

"बाई, तासाभरानंतर मी बघितलं होतं," मी म्हणालो. "एकच गाठ होती! नंतरही एकच होती. दर पंधरा मिनिटांनी लिहून ठेवलंय."

"कसली गाठ?"

मी सुतळी दाखवली. बाईंनी सुतळी बघितली. ती जिथे बांधली होती तो होडीचा काठ बघितला. मग माझ्याकडे बघितलं. आणि त्या ट्रॅक्टरच्या चाकाला धरून अशा हसायला लागल्या की मला वाटलं, आता ह्यांनाच उचलून न्यावं लागणार!

"आजोबा," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "टाकीवर तुम्ही बसायचात कुठे?"

"टाकीच्या काठावर."

"आणि काठ खाली जायचा का?"

मी सुतळीकडे बघितलं. मग होडीच्या काठाकडे बघितलं. एकोणचाळीस वर्षं मी पाण्याच्या वर बसलो होतो. पाण्याबरोबर कधी खाली गेलोच नव्हतो!

बाईंनी हिला हाताला धरून ट्रॅक्टरमागच्या गाडीत बसवलं, जाळ्यांच्या ढिगावर. "लाँच आता धक्क्याला लागत नाही. खाली, पाण्याच्या कडेला थांबते. तुमची माणसं वरून मोठा उतार चालत येतील. आपण सरळ तळावरून जाऊ."

आणि आम्ही समुद्राच्या तळावरून निघालो. एका पायात बूट, एका पायात मोजा, पण मला त्याचं भान नव्हतं! दोन्ही बाजूंना मोठमोठ्या बोटी लाकडी पायांवर टेकून उभ्या, गोठ्यातल्या गुरांसारख्या. एक गंजलेला नांगर. एक सायकल, तिच्या चाकात समुद्री गवत. तळ्याएवढ्या डबक्यात बोटभर मासे इकडून तिकडे पळत होते, आपला समुद्र कुठे हरवला म्हणून. काल इथून बोटी गेल्या असतील, चाळीस फूट वरून. वर मान केली की त्यांची बुडं दिसली असती.

"बाई," मी न राहवून विचारलं, "हे एवढं पाणी जातं तरी कुठे?"

"मला काय ठाऊक? जातं आणि येतं. आम्ही त्याच्या वेळा बघून जेवतो."

"आणि कधी आलंच नाही तर?"

"आजोबा, ते तुमच्या भरवशावर नाही, म्हणून येतं!"

हे ऐकून जाळ्यांच्या ढिगावरून हसू ऐकू आलं. आमच्या मंडळींचं! माझा जीव भांड्यात पडला.

अडीचला दहा मिनिटं असताना आम्ही लाँचवर होतो. सगळ्यांत पहिले! मास्तर पंधरा माणसांसह उतारावरून धापा टाकत आले, तेव्हा मी रेलिंगला टेकून आरामात उभा होतो. बूट एकच होता, पण रुबाब दोन बुटांचा होता. मागे वळून बघितलं तर लांबवर वाळूत पाण्याची एक बारीकशी चकाकणारी रेघ आत सरकत होती. सहा तासांत माझा डावा बूट चाळीस फूट पाण्याखाली जाणार होता.

दुसऱ्या दिवशी लेक भेटली. मायलेकींचं धक्क्यावर रडून-हसून झालं. मी जरा बाजूला उभा राहिलो, जहाज बघत. मग आम्ही चौघं एका बाकावर बसलो आणि लेकीने विचारलं, "बाबा, काल तो मोठा समुद्र उतरताना बघितलात ना? कसा होता?"

मी घसा साफ केला. पण हिने त्याआधीच पिशवीतून मफलर काढून नातीच्या मांडीवर पसरला. पांढरा मफलर, त्यावर निळ्या रेघा.

"ही बघ कालची ओहोटी," ती म्हणाली. "भिंतीतली शिडीची एकेक पायरी उघडी पडली की मी एक निळी ओळ घालत होते. ह्या टोकाला रेघा लांब लांब आहेत ना? तेव्हा पाणी हळू उतरत होतं. मध्ये बघ कशा दाटीवाटीने आल्यात. तेव्हा धावत होतं. इकडे पुन्हा लांब."

नातीने बोट ठेवून रेघा मोजल्या. छत्तीस भरल्या.

मी त्या मफलरकडे बघतच राहिलो. हळू, जोरात, पुन्हा हळू. मास्तर म्हणाले तस्संच! सगळा समुद्र माझ्या शेजारी बसून विणला जात होता आणि मी सुतळीकडे बघत बसलो होतो.

"अगं, मग सांगायचं नाहीस?" मी म्हणालो.

"मोजताना मध्ये बोलायचं नाही," ती म्हणाली. "टाकीवरचा नियम आहे."

तोवर नातीने माझ्या खिशातून वही काढली होती. शाळेत नुकतीच वाचायला शिकलेली, त्यामुळे दिसेल ते मोठ्याने वाचते. घराण्याची खोड आहे. तिने वाचायला सुरुवात केली. "एक गाठ. एक गाठ. एक गाठ. एक गाठ..." पान संपलं. तिने पान उलटलं. "एक गाठ. एक गाठ."

मग तिने वर बघितलं. तिच्या डोळ्यांत माझ्याबद्दल भारी कळवळा होता.

"आजोबा, तुम्हाला पण बाईंनी एकच ओळ इतक्यांदा लिहायची शिक्षा केली?"

मला अक्षरं शिकवणारी बाई शेजारीच बसली होती, नातीच्या गळ्यात मफलर गुंडाळत.

"हो गं बाळ," मी म्हणालो. "आमच्या बाई फार कडक आहेत."